बागेविषयी विचारा : विदर्भातल्या घरातले ऑर्किड

हिवाळ्याच्या अखेरीस या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एरवी संत्र्याच्या डिंक्याचे आणि गुलाबाच्या छाटणीचे प्रश्न अधिक असतात. यंदा मात्र ऑर्किडविषयीची पत्रे इतकी आली की या महिन्याचे सगळे सदर त्यांनाच देणे भाग पडले. पुण्या-मुंबईला नोकरीस असलेली मुले सणाला घरी येताना मिठाईच्या डब्याबरोबर फुललेले ऑर्किडही आणू लागली आहेत, असे पत्रांवरून दिसते. बहुतेकांनी केलेले वर्णन फॅलेनॉप्सिस या एकाच प्रकाराशी जुळते. त्याची पाने रुंद, जाड आणि बुंध्यापासून दोन्ही बाजूंना पसरलेली असतात, आणि कमानीसारख्या वाकलेल्या दांड्यावर पतंगाच्या आकाराची फुले ओळीने येतात. त्यामुळे खालील उत्तरांत वेगळा उल्लेख नसेल तेथे ऑर्किड म्हणजे फॅलेनॉप्सिस असे समजावे.

प्रश्न : दिवाळीला मुलीने पुण्याहून फुललेले ऑर्किड आणले. तुळशीबरोबर त्यालाही मी रोज सकाळी पेलाभर पाणी घालते. दीड महिन्यात फुले गळाली आणि आता पाने सुरकुतून मऊ पडली आहेत. पाणी कमी पडत असेल म्हणून संध्याकाळीही घालू लागले, तरी सुरकुत्या जात नाहीत. कुंडी चिनी मातीची आहे आणि दुकानातून आली तशीच ठेवली आहे.
एक वाचक भगिनी, ता. तिवसा, जि. अमरावती

उत्तर : आपल्या झाडाला पाणी कमी पडलेले नाही, अतिरेकी मिळाले आहे, पण पाने तहानलेल्या झाडासारखीच दिसत असल्यामुळे आपली फसगत झाली. सतत ओलीत राहिल्याने मुळे कुजली, मुळे कुजल्यामुळे पाणी वर चढेनासे झाले, आणि कुंडीत पाणी असूनही पाने सुकू लागली. अशा वेळी माया म्हणून घातलेला प्रत्येक पेला उरलेल्या मुळांनाही कुजवतो. माझ्याकडे आलेल्या पत्रांतली निम्म्याहून अधिक झाडे याच मार्गाने गेलेली आहेत.

यामागचे कारण समजून घेतले तर पाण्याचे वेळापत्रक कोणाला विचारण्याची गरज उरत नाही. फॅलेनॉप्सिस ही आग्नेय आशियातल्या दमट जंगलांत झाडांच्या खोडांवर आणि फांद्यांवर वाढणारी वनस्पती आहे. तिची मुळे मातीत शिरत नाहीत, ती सालीला चिकटून उघड्या हवेत राहतात. प्रत्येक मुळाभोवती स्पंजासारखे एक पांढुरके आवरण असते. पाऊस पडला की ते काही क्षणांत पाणी शोषून घेते आणि पाऊस थांबला की वाऱ्याने पुन्हा कोरडे होते. भिजणे, वाळणे आणि पुन्हा भिजणे हा त्या मुळांचा जन्मजात क्रम आहे, आणि कुंडीत रोज पाणी घातले की त्यातले वाळणे नेमके राहून जाते.

हे आपल्याला डोळ्यांनी पाहता येईल. कोरडे झालेले निरोगी मूळ चांदीसारखे करडे दिसते. त्यावर चमचाभर पाणी सोडले की आपल्या देखत ते हिरवे होऊ लागते, कारण आवरण ओले झाल्यावर पारदर्शक बनते आणि आतला हिरवा भाग दिसू लागतो. मुळे हिरवी असतील तर पाणी घालू नये, करडी झाली असतील तर घालावे. म्हणून ऑर्किड पारदर्शक प्लॅस्टिकच्या कुंडीत ठेवणे सोयीचे जाते. आपल्या चिनी मातीच्या कुंडीच्या आत बहुधा अशी एक पातळ कुंडी असेलच. बाहेरच्या कुंडीला भोक नसल्यामुळे निथळलेले पाणी तळाशी साचून राहिले असणार.

आता उपाय. झाड कुंडीतून अलगद बाहेर काढावे आणि मुळांभोवतीचे शेवाळ किंवा सालीचे तुकडे बोटांनी सोडवून मुळे धुऊन घ्यावीत. प्रत्येक मूळ दोन बोटांत हलके दाबून पाहावे. जे टणक लागेल ते जिवंत असते. जे पिचपिचीत लागते, ज्याची वरची साल ओढताच निघून येते आणि आत निरांजनातल्या वातीसारखा नुसता धागा उरतो, ते मेलेले असते व ते कापून टाकावे. कात्री आधी गॅसच्या ज्योतीवर तापवून किंवा स्पिरिटने पुसून घ्यावी. कापलेल्या टोकांवर काहीही थापत बसू नये, सावलीत एक दिवस उघडे ठेवले की ती सुकतात. काही जण दालचिनीची पूड सुचवतात. पानाच्या जखमेवर ती चालते, परंतु मुळांवर टाकल्यास चांगली मुळेही सुकून जातात.

पुन्हा लावताना माती वापरू नये. हे मी जोर देऊन लिहितो, कारण आमच्या घरी आलेले पहिले ऑर्किड मी स्वतः शेतातली काळी माती आणि कुजलेले शेणखत समप्रमाणात घेऊन मोठ्या हौसेने लावले होते आणि पोळ्याच्या आतच त्याची वाट लावली होती. कपाशीला जी माती सोन्यासारखी, ती ऑर्किडच्या मुळांना श्वास घेऊ देत नाही. बोटाच्या पेराएवढे लोणारी कोळशाचे तुकडे, तेवढेच फुटक्या कवेलूंचे किंवा विटेचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे चौकोनी काप असे मिश्रण गावात सहज जमते. सोडणाचे काप 2 ते 3 दिवस पाणी बदलून भिजवावेत, म्हणजे त्यांतला क्षार आणि तपकिरी रंग निघून जातो. कुंडी मुळांच्या मानाने बेताची घ्यावी, तिला खाली आणि बाजूंनाही भोके असावीत, आणि झाडाचा बुंधा मिश्रणात गाडू नये. पाने पूर्ववत टवटवीत होण्यास काही महिने लागतील आणि अगदी खालची पाने कदाचित पिवळी पडून गळतील, पण नवे हिरव्या टोकाचे मूळ दिसले की झाड वाचले असे समजावे.

पाणी घालताना पानांच्या मध्यभागी जो खोलगट भाग असतो त्यात ते साचू देऊ नये. तेथे रात्रभर पाणी राहिले की कोंब कुजतो, आणि या झाडाला वाढण्याचा तो एकच शेंडा असल्यामुळे तो गेला की सहसा झाड गेल्यातच जमा असते. चुकून पाणी पडलेच तर कापसाच्या बोळ्याने टिपून घ्यावे.

प्रश्न : आमच्या ऑर्किडच्या कुंडीवर आणि मुळांवर पांढरा थर धरतो, मुळांची टोके काळी पडतात. पाणी मोजूनच देतो. बोअरचे पाणी उकळून गार करून दिले तर चालेल काय?
एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : आपण पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात राहता, यातच उत्तर आले. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या 3 जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात भूजल खारट आहे हे आपल्याला मी सांगायला नको. झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडला निसर्गात मिळते ते जवळजवळ निव्वळ पावसाचे पाणी, त्यामुळे क्षार सोसण्याची ताकद त्याच्या मुळांत फारशी नसते. उकळल्याने पाण्यातला काही चुना तळाशी बसतो, पण मीठ तसेच राहते. उलट वाफ उडून गेल्यामुळे उरलेले पाणी थोडे अधिकच खारट होते. माठात ठेवूनही ते जात नाही.

पावसाचे पाणी साठवणे हा सर्वांत स्वस्त आणि उत्तम मार्ग आहे. पहिल्या दोन-तीन सरी छपरावरची धूळ धुऊन नेण्यासाठी सोडून द्याव्यात आणि नंतरचे पाणी स्वच्छ फडक्यातून गाळून कॅनमध्ये भरावे. एका झाडाला निथळून जाणारे पाणी धरून एका वेळी अर्धा लिटर लागते आणि वर्षभरात 70 ते 80 वेळा पाणी द्यावे लागते, म्हणजे 20 लिटरचे 2 कॅन एका झाडाला पुरतात. कॅनला घट्ट झाकण असावे आणि तो अंधारात ठेवावा, नाहीतर शेवाळ धरते व डासांची पैदास होते. पावसाळा येईपर्यंत गावातल्या शुद्ध पाण्याच्या जारमधले पाणी वापरावे. घरी आरओ यंत्र असेल तर त्याचे शुद्ध झालेले पाणी चालते, मात्र नळीतून वाया जाणारे पाणी कदापि घालू नये, कारण काढून टाकलेले सगळे क्षार त्यातच असतात. थर धरलेले मिश्रण या वेळी बदलूनच टाकावे. कुंडी मातीची असेल तर तीही बदलावी, कारण भाजलेल्या मातीत मुरलेले मीठ धुऊन निघणे कठीण असते.

खत देत असाल तर त्यातही क्षारच असतात हे ध्यानात ठेवावे. ठिबकमधून सोडण्यासाठी शेतकऱ्यांच्या घरी 19:19:19 हे विद्राव्य खत असतेच. ऑर्किडसाठी ते एका लिटरला अर्धा ग्रॅम एवढेच घ्यावे, पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा द्यावे आणि मधल्या पाळीला नुसते पाणी घालून मिश्रण धुऊन काढावे.

प्रश्न : आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. घर अर्धे जुने मातीचे आणि अर्धे टिनाचे आहे. मुलाने मागच्या वर्षी आणलेले ऑर्किड नवतपा सुरू होण्याआधीच गेले. यंदा पुन्हा एक घरात आले आहे. ते जगवता येईल की कोणाला तरी देऊन टाकावे?
एक वाचक, ता. वरोरा, जि. चंद्रपूर

उत्तर : देऊन टाकू नये. आपल्या घराचा जुना अर्धा भाग हाच त्यावरचा उपाय आहे. दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंतींचे माजघर भर दुपारीही टिनाच्या खोलीपेक्षा कितीतरी गार राहते, हे आपण रोज अनुभवत असाल. अडचण एवढीच की माजघर अंधारे असते. म्हणून एप्रिल आणि मे या 2 महिन्यांपुरते झाड माजघराच्या पूर्वेकडील झरोक्याखाली किंवा दाराजवळ ठेवावे आणि इतर 10 महिने उजेडाच्या जागी आणावे. कमी उजेडात 2 महिने ते सहज काढते, मात्र टिनाखाली एक आठवडाही काढणार नाही.

या झाडाची एक गंमत येथे सांगितली पाहिजे. बहुतेक झाडांची पाने दिवसा आपली सूक्ष्म रंध्रे उघडून हवा घेतात. फॅलेनॉप्सिस मात्र दिवसा ती बहुतांशी मिटून घेते आणि रात्री उघडते, म्हणजे पाणी वाचवण्यासाठी निवडुंग जे करतो तेच ते करते. त्यामुळे त्याच्या दृष्टीने दुपारच्या तापमानाइतकेच रात्रीचे तापमानही महत्त्वाचे असते. आपल्याकडे मेअखेरीस रात्रीसुद्धा भिंती धगधगत असतात, आणि झाडाची खरी दमछाक तेव्हाच होते. जेथे घरातली माणसे रात्री कूलर लावून झोपतात त्याच खोलीत झाड न्यावे.

डेझर्ट कूलर हे विदर्भातल्या ऑर्किडसाठी वरदानच आहे, कारण तो उष्णता कमी करतो आणि हवेत ओलावाही वाढवतो. एअर कंडिशनर खोली गार करतो, पण हवा कोरडी करतो. मात्र कूलरच्या झोतासमोर कुंडी ठेवू नये. झोतातून 5 ते 6 फूट बाजूला ठेवावी, आणि खोलीची एखादी खिडकी किंचित उघडी असावी. कूलरच्या पाण्याचे तुषार पानांवर येत असतील तर त्यांचे पांढरे डाग पडतात, ते ओल्या मऊ फडक्याने पुसावेत. भारनियमन असेल त्या दुपारी खिडकीवर ओले बारदान टांगले तरी बराच फरक पडतो. वाळ्याची ताटी असेल तर सोन्याहून पिवळे. कुंडीखाली परातीत रेती किंवा खडे पसरून त्यात पाणी ठेवावे, पण कुंडीचा तळ पाण्याला लागू देऊ नये.

उन्हाळ्यात पाण्याची पाळी आठवड्यातून दोनदा, क्वचित तीनदाही येते. तरीही मुळांचा रंग पाहूनच ठरवावे. पाणी सकाळी 7 च्या आत घालावे. गच्चीवरच्या प्लॅस्टिकच्या टाकीतले दुपारचे पाणी हाताला चटका देते, ते मुळांवर ओतले तर आपण चहाच टाकल्यासारखे होते. या 2 महिन्यांत खत पूर्ण बंद ठेवावे आणि कुंडी बदलण्याचे कामही काढू नये.

मागचे झाड कशाने गेले हे पत्रावरून निश्चित कळत नाही. पानांवर आधी फिकट पांढरे आणि नंतर कागदासारखे तपकिरी चट्टे पडले असतील तर ते उन्हाने भाजले असावे. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी 4 चे ऊन अर्धा तास जरी पानावर पडले तरी तेवढे पुरते. पानावर हात ठेवून पाहावा. पान तापलेले लागले तर जागा तत्काळ बदलावी. भाजलेला भाग पूर्ववत होत नाही, पण पान कापूही नये, उरलेला हिरवा भाग झाडाच्या उपयोगी पडतो.

प्रश्न : गेल्या मे महिन्यात वाढदिवसाला मिळालेल्या ऑर्किडची फुले चार दिवसांत लोळली, कळ्या पिवळ्या पडून गळाल्या. दुकानदार म्हणाला होता की फुले दोन महिने राहतील. झाड गार खोलीत होते. त्याच खोलीत आंब्याची आढी घातलेली होती, पण तिचा झाडाला धक्का लागला नाही.
एक वाचक भगिनी, ता. पवनी, जि. भंडारा

उत्तर : धक्का आढीनेच दिला, तो दिसला नाही इतकेच. तणसात पिकणाऱ्या आंब्यांतून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो. त्यामुळेच एक आंबा पिकला की शेजारचेही पिकू लागतात. ऑर्किडच्या फुलांना हा वायू अगदी अल्प प्रमाणातही सोसत नाही, फुले म्हातारी होऊन मिटतात आणि कळ्या गळतात. केळीचा घड, पिकलेले पेरू आणि चुलीचा धूर यांपासूनही फुलांवर आलेले झाड दूर ठेवावे. संत्र्याची मात्र धास्ती नको, तोडल्यानंतर ते आंब्यासारखे पिकत नाही आणि हा वायूही फारच थोडा सोडते. दुकानदार खोटे बोलला नव्हता. फॅलेनॉप्सिसचे फूल नीट जपल्यास 2 ते 3 महिने सहज टिकते.

प्रश्न : माझे फॅलेनॉप्सिस चांगले आहे, त्यामुळे हिंमत वाढली. आता ओसरीत ठेवता येईल असे, जरा काटक ऑर्किड सुचवावे.
एक वाचक, ता. आमगाव, जि. गोंदिया

उत्तर : डेंड्रोबियम घ्यावे, आणि घेताना ते गरम हवेत वाढणारे संकरित वाण असल्याची खात्री करून घ्यावी. त्याची उसासारखी कांडी असलेली जाड खोडे पाणी साठवून ठेवतात, त्यामुळे एखादी पाळी चुकली तरी ते कुरकुरत नाही. उजेड मात्र त्याला फॅलेनॉप्सिसपेक्षा बराच अधिक लागतो. ओसरीत सकाळचे कोवळे ऊन येत असेल तर ते त्याला मानवते. उन्हाळ्यात हिरवी जाळी बांधावी. पाने गळून नुसते उभे राहिलेले खोड मेले म्हणून कापू नये. त्यातला साठा नव्या फुटव्याला मिळतो आणि पुष्कळदा त्याच उघड्या खोडाच्या शेंड्यावर पुन्हा फुले येतात. हिवाळ्यात पाणी निम्म्याहून कमी करावे. व्हँडा या दुसऱ्या ऑर्किडचा मोह तूर्त टाळावा. त्याची उघडी लोंबती मुळे आपल्या उन्हाळ्यात दिवसातून दोनदा भिजवावी लागतात आणि लग्नसराईत दोन दिवस घर बंद राहिले की सगळे मुसळ केरात.

प्रश्न : पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके झाले आहेत. घरी कपाशीवर फवारायचे औषध शिल्लक आहे, ते थोडे पातळ करून मारावे काय?
एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : मुळीच मारू नये. घराच्या बंद खोलीत शेतीची कीटकनाशके फवारणे म्हणजे स्वतःच्याच अंगावर फवारणे आहे, आणि 2017 साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक माणसे गेली हे विसरण्याजोगे नाही. हा पिठ्या ढेकूण आहे, कपाशीवरचा आपल्या ओळखीचाच. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून प्रत्येक पुंजका पुसून काढावा, पानांच्या खालच्या बाजूंना आणि बेचक्यांत विशेष पाहावे, आणि हेच काम दर 7 दिवसांनी 3 ते 4 वेळा करावे, कारण अंड्यांतून नवी पिल्ले निघत राहतात. तोवर ते झाड इतर कुंड्यांपासून वेगळे ठेवावे.

प्रश्न : आमच्या धुऱ्यावरच्या जुन्या आंब्यावर पट्ट्यासारख्या जाड पानांचे एक झाड वाढले आहे. गावातले लोक त्याला बांडगूळ म्हणतात आणि तोडून टाका म्हणतात. त्याला उन्हाळ्यात पिवळट, करड्या नक्षीची सुवासिक फुले येतात. हे ऑर्किड असेल काय, आणि ते घरात आणून कुंडीत लावता येईल काय?
एक वाचक, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली

उत्तर : वर्णनावरून ते ऑर्किडच आहे, आणि बहुधा रास्ना या नावाने ओळखला जाणारा व्हँडा आहे. फुलाची खालची पाकळी निळसर जांभळी असेल आणि इतर पाकळ्यांवर जाळीदार तपकिरी नक्षी असेल तर शंका उरत नाही. आयुर्वेदात रास्ना म्हणून निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पती वापरतात आणि त्यांत हिचाही समावेश होतो, त्यामुळे केवळ नावावरून औषधी उपयोग करू नये. मराठीत ऑर्किडच्या कुळाला आमरी असे जुने नाव आहे.

बांडगूळ आणि आमरी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बांडगूळ आपली मुळे आंब्याच्या लाकडात खुपसून त्याचा रस पिते आणि पुढे ती फांदी वाळवते. आमरी झाडाला केवळ धरून बसते. तिची मुळे सालीवर पसरलेली असतात आणि पावसाचे पाणी, सालीवर साचलेली धूळ व कुजलेला पालापाचोळा एवढ्यावर तिचे भागते. फांदीच्या आत शिरलेले असे काहीच नसते, हे एखादे मूळ नखाने अलगद उचलून पाहिल्यास दिसेल. तेव्हा गावकऱ्यांना हा फरक दाखवून द्यावा आणि झाड तोडू देऊ नये.

ते घरात आणू नये, असेच माझे सांगणे आहे. त्याला भरपूर उजेड, वारा आणि रात्रीचे दव लागते, यातले काहीच खोलीत मिळत नाही. शिवाय असे एक झाड आपोआप तयार होणे ही सोपी गोष्ट नाही. ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असते, त्यात अन्नाचा साठा जवळजवळ नसतो, आणि विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. एका शेंगेतून हजारो बिया उडतात तेव्हा त्यांतली एखादी आपल्या आंब्यापर्यंत पोचते आणि फुलायला पुढे अनेक वर्षे घेते. 1922 साली अमेरिकेतल्या लुईस नडसन यांनी साखरयुक्त खाद्यावर, बुरशीशिवाय बी रुजवून दाखवले आणि त्यानंतर प्रयोगशाळेत लाखो रोपे करणे शक्य झाले. आपल्या वाचकांच्या घरी पोचलेल्या कुंड्या त्याच वाटेने आलेल्या आहेत. म्हणून कुंडीसाठी रोपवाटिकेतलेच झाड घ्यावे. अभयारण्यातून किंवा राखीव जंगलातून आमरी काढून आणणे हा गुन्हा आहे.

वादळात फांदी मोडून झाड खाली पडले तर मात्र जरूर उचलावे. पावसाळ्याच्या तोंडाशी त्याला आंब्याच्याच किंवा मोहाच्या खरबरीत सालीवर, सकाळचे ऊन लागेल अशा उंचीवर, सुती दोरीने घट्ट बांधावे. दोरी कुजून गळेपर्यंत मुळांनी साल धरलेली असते.

प्रश्न : संक्रांतीपर्यंत टिकलेली फुले आता गळाली. नुसता दांडा उभा आहे. तो कापावा की ठेवावा? आणि पुन्हा फुले येण्यासाठी काय करावे?
एक वाचक भगिनी, ता. सिंदखेड राजा, जि. बुलढाणा

उत्तर : दांडा हिरवा असेल आणि झाडाला 4-5 तरी सशक्त पाने असतील तर तो खालून दुसऱ्या किंवा तिसऱ्या पेराच्या वर अर्धा इंच सोडून कापल्यास, त्या पेरातून कधी कधी दोन-अडीच महिन्यांत नवी फांदी फुटते आणि थोडी लहान फुले येतात. पुस्तकी सल्ला असा असला तरी आपल्याकडे मी तो मानत नाही. फेब्रुवारीत कापलेल्या दांड्याला फुले येणार ती नेमकी एप्रिलच्या उन्हात, म्हणजे झाडाने आपला जीव वाचवायचा त्या वेळी. म्हणून दांडा बुंध्यापासून इंचभर ठेवून कापून टाकावा आणि झाडाला उन्हाळ्याआधी नवे पान व नवी मुळे काढू द्यावीत.

पुढच्या बहराची खरी तयारी दिवाळीनंतर होते. फॅलेनॉप्सिसला दांडा काढण्यासाठी काही आठवडे गारवा लागतो. दिवसा 25 अंशांच्या आसपास आणि रात्री 16 ते 18 अंश असे तापमान त्याला मानवते. सतत 28 अंशांच्या वर राहिल्यास ते पानेच काढत बसते. समुद्रकाठच्या गावांत लोकांना यासाठी खटपट करावी लागते, आपल्याकडे ऑक्टोबरचा उकाडा सरला की नोव्हेंबर आपण होऊन ते काम करतो. तेव्हा नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून झाड पूर्वेच्या खिडकीशी ठेवावे आणि रात्री खिडकी थोडी उघडी ठेवावी. थंडीची लाट येऊन पारा 10 अंशांकडे उतरू लागला की मात्र कुंडी आत घ्यावी, तेवढी थंडी त्याला बाधते. उजेड पुरेसा आहे की नाही हे पाने सांगतात: काळपट गर्द हिरवी पाने म्हणजे उजेड कमी, पोपटी हिरवी पाने म्हणजे बेताचा, आणि पिवळट किंवा लालसर झाक म्हणजे जास्त. कमी उजेडातले झाड वर्षानुवर्षे जगते, फुलत मात्र नाही.

डिसेंबरच्या सुमारास खालच्या पानांच्या बगलेतून एक हिरवे टोक बाहेर येईल. ते गुळगुळीत, गोल आणि चकाकते असेल तर ते मूळ आहे. ते किंचित चपटे असून त्याच्या शेंड्याला बोटे मिटलेल्या पंजासारखी घडी दिसत असेल तर तो दांडा आहे, आणि फुले उमलायला अजून अडीच ते तीन महिने आहेत. दांडा वीतभर झाला की बारीक काडीला सुती दोऱ्याने सैल बांधावा, आणि कुंडीची खिडकीकडची बाजू खडूने खूण करून ठेवावी, कारण दांडा उजेडाकडे वळतो आणि कुंडी रोज वेगळ्या दिशेने फिरवली तर फुले कोणी इकडे तर कोणी तिकडे तोंड करून उमलतात.